काळ्या गाडीवरचे जाळीदार ओरखडे : मशीनने पॉलिश करताना कोणते पॉलिश निवडावे?

डोंगरमाथा

माझ्याकडे २०१८ची काळ्या रंगाची होंडा सिटी आहे. पुण्यात आमच्या सोसायटीच्या आवारात ती उघड्यावर उभी असते आणि गाड्या पुसणारे काका रोज सकाळी एकाच बादलीत फडके बुचकळून ओळीने सगळ्या गाड्या पुसत जातात. कित्येक वर्षे हे असेच चालल्यामुळे आता उन्हात बॉनेटकडे पाहिले की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक ओरखड्यांचे गोल जाळे स्पष्ट दिसते. मध्यंतरी एका गॅरेजमध्ये रबिंग-पॉलिश करून घेतले होते. गाडी परत आली तेव्हा सुरेख दिसत होती, परंतु काही धुण्यांनंतर सगळे ओरखडे होते तसे परत दिसू लागले.

आता हे काम घरीच नीट करावे असे ठरवून मी १५ मिलिमीटर फेऱ्याचे ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (ज्यात पॅड स्वतःभोवती फिरता फिरता लहान फेऱ्यातही हलते) आणि पॅड बसवायची पाच इंची बॅकिंग प्लेट घेतली आहे. अडले आहे ते पॉलिशपाशी. मेन्झर्ना ४००, २५०० आणि ३८००, मेग्वायर्स १०५ आणि २०५, शिवाय थ्रीएम आणि सोनॅक्स यांची पॉलिशे, एवढे पर्याय समोर आहेत. एका मित्राचे म्हणणे असे की सरळ सर्वांत जोरकस कंपाउंड (म्हणजे जास्त घासून काढणारे पॉलिश) घ्यावे, म्हणजे काम एकदाच होते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अभ्रक

आपण प्रश्न सविस्तर मांडला आहे, त्यामुळे उत्तरही सविस्तर देतो. माझे ठाम मत असे आहे की बाटलीची निवड ही या कामातली शेवटची निवड असते. रंग किती कठीण आहे, ओरखडे किती खोल आहेत, पॅड कोणते आणि मशीन कोणते, या चार गोष्टी कळल्या की पॉलिश जवळजवळ आपोआप ठरते.

आधी त्या गोल जाळ्याविषयी. ओरखडे मुळात गोल नसतात. फडके ज्या दिशेने फिरले त्या दिशेने गेलेले ते लहान लहान, बहुधा सरळच ओरखडे असतात. प्रकाशाचा स्रोत एकाच ठिकाणी असला की त्याच्या प्रतिबिंबाभोवती ठरावीक दिशेने गेलेलेच ओरखडे प्रकाश परतवतात आणि आपल्याला वर्तुळ दिसते. उन्हात उभे राहून डोके थोडे हलवून पाहा. वर्तुळही तुमच्याबरोबर सरकेल. म्हणजे ओरखडे बॉनेटभर सर्वत्र आहेत, फक्त एका वेळी थोडेच दिसतात. सावलीत गाडी निर्दोष वाटते ती याचमुळे.

आता गॅरेजमधल्या रबिंगविषयी. ओरखडा जाण्याचे दोनच मार्ग आहेत. एक तर त्याच्या तळापर्यंतचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घासून पृष्ठभाग सपाट करायचा, नाही तर ओरखड्यात तेल किंवा मेण भरून तो झाकायचा. बाजारातल्या अनेक ग्लेझमध्ये (तात्पुरती चमक देणाऱ्या द्रवांत) आणि ‘एकाच टप्प्यात चमक’ देणाऱ्या बऱ्याच पॉलिशांत भरणारी द्रव्ये असतात. शाम्पूने ती हळूहळू निघून जातात आणि ओरखडे उघडे पडतात. आपल्या गाडीचे बहुधा तेच झाले असावे. म्हणून कोणतेही पॉलिश वापरून पाहिल्यावर तो भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांच्या सौम्य मिश्रणाने पुसल्याशिवाय त्याच्याविषयी मत बनवू नये. एक भाग अल्कोहोल आणि चार भाग पाणी एवढे पुरते.

रंगशाळा

मी मोटारींच्या रंगकामाच्या क्षेत्रात नोकरी करतो, म्हणून थरांविषयी थोडे लिहितो, कारण पॉलिश निवडताना आपण नेमके काय घासतो आहोत हे डोळ्यांसमोर असलेले बरे.

कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग संपूर्ण सांगाडा हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने सुमारे २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ईडी कोट, म्हणजे गंजरोधक थर, बसवतात. त्यावर साधारण ३० मायक्रॉनचा प्रायमर, मग सुमारे १५ मायक्रॉनचा रंगाचा थर आणि सर्वांत वर ३५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट येतो. कारखान्यानुसार हे आकडे बदलतात. काही नव्या पद्धतींत प्रायमरचा वेगळा थरच नसतो. तरीही एकूण जाडी बहुधा १०० ते १४० मायक्रॉनच्या आसपास भरते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून ज्या थरावर आपण काम करणार आहोत तो किती पातळ आहे ते लक्षात यावे.

फडक्याने पडलेले बहुतेक ओरखडे दोन-तीन मायक्रॉनांच्या आतले असतात. मध्यम पॉलिशच्या एका पूर्ण फेरीत एखादा मायक्रॉन जातो, तर जोरकस कंपाउंड आणि मायक्रोफायबर पॅड यांनी त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज जातो. क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्ये असतात आणि थर जितका पातळ होतो तितके खालच्या रंगाचे संरक्षण कमी होते. महाराष्ट्रातल्या उन्हात वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा विचार फार महत्त्वाचा आहे. म्हणून मित्राचा सल्ला मला मान्य नाही. जे काम एका मायक्रॉनमध्ये होते त्यासाठी तीन मायक्रॉन खर्च करू नयेत, कारण गेलेला थर परत बसत नाही.

डोंगरमाथा

दोघांचेही मनापासून आभार. आता दोन शंका उरतात. रंग कठीण आहे की मऊ हे घरी कसे ओळखायचे? आणि बाटल्यांवरच्या आकड्यांवरून जोर किती याचा अंदाज बांधता येतो का? ४०० आणि १०५ या दोन्ही आकड्यांनी माझा गोंधळ झाला आहे.

अभ्रक

आकड्यांनी गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण ते त्या त्या कंपनीचे आतले क्रमांक आहेत आणि एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. मेन्झर्नाच्या मालिकेत आकडा वाढतो तसा कापण्याचा जोर घटतो आणि चमक वाढते. ४०० हे जोरकस, २५०० मध्यम आणि ३८०० अगदी शेवटच्या फिनिशचे. मेग्वायर्समध्ये १०५ हे कापणारे आणि २०५ हे फिनिशचे, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ. थ्रीएम आणि सोनॅक्स यांचीही स्वतःची श्रेणी असते आणि बाटलीमागचा कापण्याचा व चमकेचा तक्ता वाचूनच ती समजते.

आकड्यांपेक्षा महत्त्वाचा भेद घासणाऱ्या कणांचा आहे. मेन्झर्नासारख्या पॉलिशांत कण काम करता करता तुटून बारीक होत जातात. सुरुवातीला ते कापतात आणि शेवटी चमकवतात, म्हणून अशा पॉलिशची फेरी पूर्ण करावी लागते. पृष्ठभागावरचा पांढुरका थर जवळजवळ पारदर्शक होईपर्यंत मशीन चालवले नाही, तर अर्धवट मोडलेल्या कणांचा धुरकटपणा मागे राहतो. मेग्वायर्सच्या १०५ आणि २०५ मध्ये कण मुळातच अतिशय बारीक आणि एकसारखे असतात व ते फारसे तुटत नाहीत. तिथे जोर ठरतो तो दाबावर, पॅडवर आणि तुम्ही किती वेळ चालवता त्यावर. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. मात्र एका पद्धतीची सवय असलेल्याने दुसरी तशीच चालवली की निकाल बिघडतो आणि दोष विनाकारण बाटलीला जातो.

कठीण की मऊ याविषयी सर्वसाधारण अनुभव असा की होंडा, टोयोटा, सुबारू अशा जपानी गाड्यांचा क्लिअर कोट तुलनेने मऊ असतो आणि फोक्सवॅगन, आउडी यांच्यासारख्या जर्मन गाड्यांचा कठीण. मर्सिडीजने तर २००३ च्या अखेरीपासून ओरखड्यांना तोंड देणारा, सूक्ष्म सिरॅमिक कण असलेला क्लिअर कोट आणला. पण ही यादी केवळ सुरुवात कुठून करायची हे सांगते. एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत, दोन रंगांत, इतकेच काय एकाच गाडीच्या पुन्हा रंगवलेल्या दारात फरक पडतो. खरे उत्तर चाचणीच्या चौकोनातच मिळते, आणि तो चौकोन टाळून थेट गाडीला हात घालणे मला कधीच पटलेले नाही.

चौकोन असा करावा. गाडी नीट धुऊन तिच्यावर क्ले बार (रुतलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी) फिरवून घ्यावा, कारण रंगात रुतलेली धूळ आणि लोखंडाचे कण पॅडमध्ये अडकले तर पॉलिश करता करता नवे ओरखडे पडतात. बॉनेटच्या सपाट भागावर मास्किंग टेपने साधारण दीड फुटाचा चौकोन आखावा. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब घ्यावेत, सर्वांत कमी वेगात ते चौकोनभर पसरावेत आणि मग मशीनवरचा वेगाचा आकडा चार-पाचवर नेऊन आधी आडव्या व नंतर उभ्या ओळींत, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या निम्म्यावर येईल अशा बेताने मशीन फिरवावे. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटरहून वेगाने सरकता कामा नये. बहुतेकांचे काम बिघडते ते या घाईमुळे. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढून ठेवा. मशीन चालू असताना ती रेघ हळूहळू फिरताना दिसली पाहिजे. ती एका जागी थरथरत राहिली, तर पॅड फिरत नाही, दाब जास्त झाला आहे किंवा मशीन तिरके धरले आहे असे समजावे. अशा वेळी कितीही चांगले पॉलिश असले तरी ते कापणार नाही.

आपल्या गाडीसाठी मी सुरुवात मेन्झर्ना २५०० किंवा मेग्वायर्स २०५ आणि मध्यम फोम पॅड इथून करीन. अल्कोहोलने पुसून टॉर्चच्या उजेडात पाहा. ओरखडे पुरेसे गेले नसतील तर बाटली तीच ठेवून पॅड बदला. मध्यम फोमऐवजी कापणारा फोम आणि तरीही अडले तरच मायक्रोफायबर. मायक्रोफायबर पॅडवर तेच पॉलिश कितीतरी जास्त कापते. पॅड बदलूनही भागले नाही तर मग ४००कडे वळावे. प्रत्येक पॉलिशला वेगळे पॅड असावे आणि दर चौकोनानंतर ते ब्रशने साफ करावे.

पंचगंगाकाठ

मी कोल्हापुरात बरीच वर्षे हेच काम व्यवसाय म्हणून करतो आहे, म्हणून थोडी दुसरी बाजू मांडतो. आमच्याकडे येणाऱ्या अनेक गाड्यांवर नुसते फडक्याचे ओरखडे नसतात. बोअरच्या पाण्याचे क्षार रंगात बसलेले असतात, पक्ष्यांच्या विष्ठेने खड्डे पडलेले असतात, आणि अशा वेळी मध्यम पॉलिशने तासन्‌तास काम करत बसणे ग्राहकालाही परवडत नाही. तिथे लोकरीचे पॅड, रोटरी मशीन (ज्यात पॅड एकाच अक्षावर नुसते गोल फिरते) आणि जोरकस कंपाउंड यांना पर्याय नाही. चांगल्या हातात रोटरी सुरक्षित असते आणि लोकरीचे पॅड फोमच्या मानाने थंडही चालते.

मात्र रोटरीने मागे होलोग्राम राहतात, म्हणजे उन्हात गाडी फिरवली की मशीनच्या मार्गाने हलणारे चट्टे दिसतात, हे मान्य केले पाहिजे. ते काढण्यासाठी ड्युअल अ‍ॅक्शन मशीनवर मऊ फोम आणि फिनिशचे पॉलिश ही दुसरी फेरी करावीच लागते. जे ही फेरी गाळतात आणि ग्लेझ लावून गाडी देतात, त्यांच्यामुळे आमच्या धंद्याचे नाव खराब होते. आपल्याकडे ड्युअल अ‍ॅक्शन मशीन असल्याने ही भीती आपल्याला फारशी नाही.

निवडीच्या दृष्टीने एक गोष्ट इथे आलेली नाही, ती म्हणजे हवा. मार्च ते मे या काळात काही जलद कापणारी कंपाउंडे पत्र्यावर पडताच सुकू लागतात, पांढरी भुकटी उडते आणि पुसताना ती चिकटते. ज्या पॉलिशचा कामाचा अवधी लांब आहे, म्हणजे ज्यात वंगण देणारी तेले जास्त काळ ओली राहतात, ते आपल्या उन्हाळ्यात निवडावे. सकाळी लवकर, सावलीत आणि पत्रा हाताला थंड लागत असतानाच काम करावे.

मस्कतकर

वरच्या मताला पुस्ती जोडतो. इथे ओमानमध्ये उन्हाळ्यात सकाळी सातलाही पत्रा तापलेला असतो आणि हवेत बारीक वाळू असते. बंद गॅरेज नसेल तर पॉलिश करण्याचा विचारही करू नये, कारण ताज्या पॉलिशच्या थरावर बसलेली वाळू पॅडखाली जाऊन त्याच क्षणी नवे ओरखडे उमटवते. पॅड कोरडे वाटू लागले तर पॉलिश वाढवण्याऐवजी त्यावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारून पाहावा. पॉलिश जास्त घेतले की पॅड तुंबते आणि कापणे उलट कमी होते.

रंगशाळा

पंचगंगाकाठ यांचे म्हणणे रास्त आहे. व्यवसायातली गरज वेगळी असते. रोटरीविषयी एवढेच जोडतो की तिच्यात उष्णता एकाच ठिकाणी साठू शकते आणि बॉनेटच्या कडा, दारांवरून जाणाऱ्या उठावदार रेषा, हँडलच्या भोवतीचा भाग इथे क्लिअर कोट सपाट भागापेक्षा पातळ असू शकतो. पॅडचा दाबही तिथेच एकवटतो. या कडांवर मास्किंग टेप लावूनच काम करावे, मशीन कोणतेही असो.

जाडी मोजण्याचे यंत्र मिळाले तर जरूर वापरावे, पण त्याची मर्यादा ओळखूनच. नेहमीची यंत्रे पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण जाडी दाखवतात, नुसता क्लिअर कोट नाही. प्लास्टिकच्या बंपरवर ती चालतच नाहीत. मात्र सगळीकडे ११० मायक्रॉन दाखवणाऱ्या यंत्राने एखाद्या दारावर २५० दाखवले, तर ते दार पुन्हा रंगवलेले आहे हे नक्की समजते, आणि पॉलिश निवडताना ही माहिती मोलाची असते. कारखान्यातला क्लिअर कोट सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो. दुरुस्तीच्या वेळी गाडीत वायरिंग, प्लास्टिक आणि सीट सगळे जागेवर असते, त्यामुळे तिथे हार्डनर मिसळलेला वेगळा क्लिअर वापरतात आणि तो फार तर ६० ते ८० अंशांना वाळवतात, किंवा साध्या गॅरेजात हवेवरच सोडून देतात. म्हणून डेंटिंग-पेंटिंग झालेला भाग बहुधा मऊ निघतो आणि त्यावर बॉनेटवरची निवड जशीच्या तशी लागू पडत नाही.

डोंगरमाथा

सर्वांच्या सूचनांप्रमाणे बॉनेटवर चाचणी केली. मेन्झर्ना २५०० आणि मध्यम फोम पॅड यांनी अल्कोहोलने पुसल्यावरही बहुतेक जाळे गेलेले दिसते. काही मोजके खोल ओरखडे तेवढे राहिले आहेत. शेजारच्या चौकोनात कुतूहल म्हणून तेच पॉलिश मायक्रोफायबर पॅडवर वापरले. तिथे ते खोल ओरखडेही बरेच पुसट झाले, परंतु टॉर्चच्या उजेडात संपूर्ण चौकोनावर राखाडी झाक आली आहे आणि जवळून पाहिले तर अतिशय बारीक, जवळजवळ एकाच लांबीच्या रेघांचा दाट थर दिसतो. हे पॉलिशमुळे झाले की पॅडमुळे? आणि उरलेल्या खोल ओरखड्यांसाठी ४०० घ्यावे का?

अभ्रक

आपण फार काळजीपूर्वक निरीक्षण केले आहे. ती राखाडी झाक पॅडच्या तंतूंमुळे आली आहे. मऊ क्लिअर कोटवर मायक्रोफायबरचे तंतू स्वतःच ओरखडे पाडतात, आणि काळ्या रंगावर ते ताबडतोब उघडे पडतात. याचा अर्थ आपला रंग मऊ आहे, आणि मऊ रंगात कापणे सोपे असते पण शेवटची चमक आणणे अवघड असते. म्हणजे आपली खरी निवड कापणाऱ्या पॉलिशची उरलेलीच नाही; ती फिनिशच्या पॉलिशची आहे.

झाक आलेल्या चौकोनावर मेन्झर्ना ३८०० आणि सर्वांत मऊ फोम पॅड घेऊन, वेग तीन-चारवर ठेवून, मशीनच्या स्वतःच्या वजनाहून जास्त दाब न देता एक पूर्ण फेरी करून पाहा. शेवटच्या दोन ओळींत मशीन जवळजवळ हातात उचलून धरल्याप्रमाणे हलके चालवावे. झाक जाऊन काळा रंग खोल दिसू लागला, तर संपूर्ण गाडीसाठी २५०० आणि मध्यम फोम, त्यानंतर ३८०० आणि मऊ फोम, हा क्रम ठरवून टाकावा.

४०० घेऊ नये असे मी आग्रहाने सांगेन. उरलेल्या ओरखड्यांवरून नखाची कड हलकेच फिरवून पाहा. नख अडले तर तो ओरखडा पॉलिशने सुरक्षितपणे जाण्याच्या पलीकडे आहे. नख अडले नाही, तरी मोजक्या रेघांसाठी सबंध बॉनेटचा थर उतरवणे योग्य नाही. २५०० ने त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या की त्या प्रकाश कमी परतवतात आणि चार पावलांवरून दिसेनाशा होतात. रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर नव्वद टक्के दोष गेले, तर मी ते काम उत्तम झाले असे मानतो आणि उरलेला क्लिअर कोट पुढच्या वेळेसाठी राखून ठेवतो.

पंचगंगाकाठ

सहमत आहे. या गाडीवर मीही ४०० वापरले नसते.

शुभ्ररंग

माझी पांढरी मारुती आहे. तिच्यावर जाळे दिसतच नाही, मग ही दोन फेऱ्यांची पद्धत माझ्यासाठी आवश्यक आहे का?

अभ्रक

पांढऱ्या रंगावर ओरखडे असतात, फक्त परतणारा प्रकाश आणि आजूबाजूचा रंग यांत फरक कमी असल्यामुळे ते दिसत नाहीत. आपल्यासाठी २५०० सारखे एकच मध्यम पॉलिश, फिनिशच्या बाजूला झुकणाऱ्या फोम पॅडवर, एका फेरीत पुरेसे आहे. दुसऱ्या फेरीतून जो फरक पडेल तो पांढऱ्यावर डोळ्यांना जाणवणार नाही. तो वेळ क्ले बारवर खर्च केला तर अधिक उपयोग होईल, कारण पांढऱ्या गाडीवर लोखंडी कणांचे तांबूस ठिपके ओरखड्यांपेक्षा जास्त दिसतात.

डोंगरमाथा

३८०० आणि मऊ पॅड यांनी झाक पूर्णपणे गेली. आता शेवटचे दोन प्रश्न : डावे मागचे दार पूर्वी रंगवलेले आहे, आणि पुढचा बंपर प्लास्टिकचा आहे. तिथे काय बदल करावा? शिवाय पॉलिश झाल्यावर सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा संरक्षक थर) लगेच करता येईल का?

रंगशाळा

दारावर पुन्हा नवा चौकोन आखून सुरुवात ३८०० पासूनच करावी. रंगवलेला क्लिअर मऊ असेल तर तेवढ्यावरही भागेल. प्लास्टिक उष्णता पत्र्यासारखी पसरवत नाही, म्हणून बंपरवर वेग एका अंकाने कमी ठेवावा, चौकोन लहान घ्यावा आणि मधूनमधून हात लावून पाहावे. कोमट लागले की थांबावे. बंपरच्या वळणांवर पाच इंची पॅड अवघडते. तीन इंची पॅड आणि प्लेट मिळाल्यास ते सोयीचे पडते.

कोटिंग लगेच करता येते, किंबहुना लगेच करणेच योग्य, फक्त त्याआधी पॉलिशची सगळी तेले अल्कोहोलच्या मिश्रणाने दोनदा स्वच्छ पुसून काढावीत, नाही तर कोटिंग रंगाला न चिकटता तेलाला चिकटते. मात्र ते दार अलीकडे रंगवलेले असेल तर रंगाऱ्याने सांगितलेला वाळण्याचा अवधी उलटल्याशिवाय त्यावर कोटिंग करू नये. आणि गाडी पुसणाऱ्या काकांना उद्यापासूनच थांबवावे; धूळ बसली असेल तर पाण्याच्या धारेने आधी ती वाहू द्यावी आणि मगच शाम्पूच्या भरपूर पाण्यात भिजवलेल्या मायक्रोफायबर हातमोज्याने गाडी धुवावी.